आजीच्या ओव्या आणि गुलाबी जॅक

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून काही कोसांवर आमचं गाव. मागच्या जूनमध्ये वीज कडाडली आणि घरातल्या डेस्कटॉपचा बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेले असतात तो मदरबोर्ड, गेला. तालुक्याच्या दुकानातून जुनाच पण चालू बोर्ड बसवून आणला. पिक्चर आलं, नेट आलं, आवाज मात्र नाही. एरवी मी तसंच चालवलं असतं, पण मला या उन्हाळ्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायच्या होत्या. तिला आता ओळी मधूनच सुटतात. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बोर्डचा साउंड गेला असंन, वेगळं साउंड कार्ड टाका." मी थांबलो, आणि ते बरं झालं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला सापडलेल्या भागांच्या यादीत, साउंडचं नावच नव्हतं. ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नसेल तर निदान पिवळं चिन्ह तरी दिसतं. इथं यादीतच काही नाही, म्हणजे बोर्डानंच आपली आवाजाची चिप झाकून ठेवली होती. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो. ऑनबोर्ड ऑडिओ 'डिसेबल्ड'. आधीच्या मालकानं वेगळं कार्ड लावलं असणार. 'एनेबल्ड' केलं, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला, आणि मागच्या हिरव्या जॅकमधून स्पीकर बोलला.

माईक पुढच्या बाजूला लावला तर बोर्डाला त्याचा पत्ताच नव्हता. पुढचे जॅक बोर्डावर नसतात, ते कॅबिनेटचे असतात. तिथून एक वायर बोर्डाच्या खालच्या कडेला असलेल्या पिनांवर येते. मेन स्विच बंद केला, केबल काढली, पत्रा उघडला. त्या वायरीला दोन तोंडं होती: एकावर 'एसी९७', दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ'. दुकानात पहिलं खोचलं होतं. एसी९७ ही १९९७ ची पद्धत, एचडी ऑडिओ २००४ ची. जुन्या पद्धतीच्या तोंडातून जॅकमध्ये काही लागलं की नाही हे नव्या चिपला कळत नाही. तोंड बदललं आणि माईक लागल्याचा संदेश स्क्रीनवर आला. हे करताना एक सांभाळा: शेजारीच पुढच्या यूएसबीच्या पिना असतात, दिसायला अगदी तशाच. ऑडिओत आठवी पिन नसते, यूएसबीत नववी. यूएसबीच्या वायरीत पाच व्होल्ट असतात, म्हणून बसत नसेल तर जोर लावू नका.

मागे मात्र रंग पाहिले की पुरतं. गुलाबी माईकचा, हिरवा स्पीकरचा, निळा लाइन-इनचा. पुतण्यानं माईक निळ्यात घातला होता; तिथं मिक्सरसारखा मोठा सिग्नल लागतो, साध्या माईकचा आवाज अगदी बारीक येतो.

आजी बसली, गायली. ऐकलं तर मागे सारखी घूंऽऽऽ. माईक बदलला, फॅन बंद केला, घूं तशीच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांत झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, दिवा पेटला. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येतेच. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तिथंच राहते आणि माईकच्या तारेत शिरते. आमच्या अर्थिंगचा खड्डा अंगणात आहे, कोळसा-मीठ भरलेला. एप्रिलमध्ये आमच्या काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात, खड्डा कोरडा ठाक. वायरमनला बोलावलं. त्यानं खड्ड्यातली सुटलेली तार कसली, मीठ घातलं आणि म्हणाला, "पावसापर्यंत रोज एक बादली पाणी टाकत जा." विहिरीचं पाणी आधीच खोल गेलेलं, तरी ती बादली मी चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर टेस्टर पेटला नाही. बारीकशी सळसळ उरली, पण घूं गेली. या चिपकडून मला एवढंच हवं होतं. नवीन कार्डाचे पैसे वाचले हे खरं, पण कार्ड घेतलं असतं तरी ती घूं कदाचित तशीच राहिली असती, याचं मला जास्त वाटतं.

जातं आता कोणी दळत नाही, तरी आजी म्हणाली त्याशिवाय ओवी सुचत नाही. म्हणून ते ओसरीवरून आत आणलं, मूठभर ज्वारी घातली. चौदा ओव्या झाल्या. ऐकवल्या तेव्हा ती स्पीकरजवळ सरकली. "जात्याचा आवाजही आला बाप्पा," म्हणाली, आणि पंधरावी आठवली म्हणून मला पुन्हा माईक लावायला लावला.