गुलाल खडूसारखा लागतो

माझी भाची चौथीत, इथे इंदूरलाच, शाळेत हिंदी-इंग्लिश त्यामुळे मराठी काय ते घरीच. रंगपंचमीच्या गेरवर (म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीवर) लिही म्हटलं तर लिहिलं, "गेर खूप छान होती. मला खूप मजा आली." झालं, पेन खाली.

मी सुधारायला गेलेच नाही, नुसतं विचारत बसले, टँकरचं पाणी गार होतं का, गुलाल तोंडात गेला तेव्हा कसा लागला, राजवाड्याच्या ७ मजल्यांपैकी कितव्यापर्यंत रंग उडाला? तर म्हणते, "मावशी, गुलाल खडूसारखा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं तर गुलाबी!" अगं मग हेच लिही ना. "असलं वहीत चालतं?" तिथेच मला सगळा घोळ कळला, लिहायचं म्हणजे शहाण्यासारखं लिहायचं असं यांच्या डोक्यात बसलंय.

तेव्हापासून "छान" आणि "मजा" या दोन शब्दांना सुट्टी. लाल पेन बंद, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू (आमच्या आईला हे अजिबात पटलेलं नाही, ती गुपचूप वेलांट्या दुरुस्त करते). रविवारी पोहे खाता खाता दहा मिनिटं, एकच प्रश्न. परवाचा होता, सराफ्यात दिवसभर सोनं विकतात आणि रात्री त्याच बंद दुकानासमोर थंडीत गराडूचे कंद तळतात, तर त्या शटरला काय वाटत असेल?

तिने लिहिलं, "शटर म्हणालं, सोनं दिवसभर बघितलं, पण भूक आत्ता लागली."

मी पोह्यांवर शेव घालायचीच विसरले.