चाकू घेताना आधी मूठ बघा

परवा चिपळूणहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला, हातात मी दिलेला ओपिनेल, म्हणाले, "अरे हा तुझा चाकू उघडतच नाहीये, बिघडला वाटतं." बिघडला नव्हता. चार दिवस तिकडे नुसता धो धो पाऊस चाललेला, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ ओल पिऊन फुगली आणि पातं आत आवळून बसलं. मी म्हटलं, बाबा आधी पातं अडकवून ठेवणारी ती रिंग फिरवून मोकळी करा आणि मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका. दोनदा ठोकल्यावर पातं एवढंसं बाहेर आलं आणि मग नखाने ओढून उघडलं. या ठोक्याला फ्रान्समध्ये चक्क नाव आहे, कू द्यु साव्हॉयार, म्हणजे साव्हॉयवाल्याचा ठोका, कारण ओपिनेल तिकडचा, साव्हॉयच्या डोंगरातला, १८९० पासूनचा.

तेव्हापासून डोक्यात आहे की लाकडी मुठीचा घडीचा चाकू घेताना काय बघायचं ते एकदा नीट लिहून काढावं. मी क्लेरमाँ-फेराँला राहतो, इथून तिए चाळीसेक किलोमीटर, आणि फ्रान्समध्ये बनणाऱ्या चाकूंचा मोठा हिस्सा त्या एका गावातून येतो. द्युरोल नदीच्या पाण्यावर दगडी चाकं फिरायची आणि कारागीर त्यांच्यावर फळी टाकून पोटावर पालथे झोपून दिवसभर पाती घासायचे, थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवलेला असायचा. तिथल्या चाकूंच्या म्युझियममध्ये हे बघितल्यापासून मला चाकू नुसती वस्तू वाटत नाही.

पण तिएला जायच्या आधी मी एक चूक केली होती. आल्या आल्या पहिल्याच वर्षी एका टुरिस्ट बाजारातून लागिओल घेतला, ऑलिव्हच्या लाकडाचा, २५ युरोला, दिसायला इतका सुंदर की दुसरं काही बघितलंच नाही. लागिओल (त्या गावचे लोक लायोल म्हणतात) हे गावाचं नाव, कंपनीचं नाही, आणि वर्षानुवर्षं कोणीही कुठेही बनवलेल्या चाकूवर ते छापत आलंय. हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला, हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं आणि रिवेट, म्हणजे लाकूड धातूला धरून ठेवणारे खिळे, बोटाला टोचायला लागले. एका रिवेटपासून कडेपर्यंत चीर गेली. पातं अजूनही छान कापतं, पण चाकू हातात धरवत नाही. तेव्हा कळलं, धार बोथट असेल तर सहाणेवर घासून घरी आणता येते, पण लाकूड आणि लोखंडाचा सांधा एकदा कच्चा बसला की तो आपल्याला घरी सुधारता येत नाही. आणि दुकानात आपण सगळे बघतो काय, तर धार.

म्हणून आता मी चाकू हातात घेतला की आधी मिटलेलाच ठेवतो. अंगठ्याचं नख लाकडावरून मुठीच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर न्यायचं, हळू, दोन्ही बाजूंनी. नख अडकलं की तिथे पायरी आहे. मग रिवेट, ते लाकडाच्या बरोबरीने बसलेले हवेत, वर आलेले नकोत आणि खड्ड्यातही नकोत. मोबाइलचा कॅमेरा झूम करून रिवेटभोवती बघा, केसासारखी चीर असेल तर तिथेच दिसते, कधी कधी भुसा आणि गोंद भरून बुजवलेली असते, तिचा रंग थोडा मेलेला दिसतो. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीत जायला हव्यात. ऑलिव्हच्या गाठी फोटोत फार देखण्या दिसतात, पण गाठ नेमकी रिवेटवर आली असेल तर मी तो तुकडा घेत नाही. आणि जाड चकचकीत व्हार्निश असेल तर जास्त बारकाईने बघायचं, कारण त्याच्याखाली फटी लपतात. नुसतं तेल पाजलेलं लाकूड काही लपवत नाही.

मग खिडकीकडे तोंड करून चाकू उजेडासमोर धरायचा. पाठीवरची स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की ठेवून द्यायचा. उघडून पाठीवरून बोट फिरवा, मिटून परत फिरवा, दोन्ही वेळा स्प्रिंग सपाट लागली तर कारागिराने वेळ दिलाय असं समजा. पातं चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून बघा, हललं तर नको. मिटताना पातं मधोमध आत जायला हवं, बाजूला घासायला नको. लागिओल मात्र खटकन मिटू देऊ नका, बऱ्याच चाकूंत धार आत स्प्रिंगवर आपटते आणि तिथे दात पडतो.

लागिओलच्या स्प्रिंगच्या टोकावर माशीच्या आकाराची नक्षी असते, त्या प्रसिद्ध माशीबद्दल लोक फार विचारतात. चांगल्या चाकूत ती स्प्रिंगच्याच लोखंडातून घडवलेली असते, स्वस्तात वेगळी बनवून वेल्ड करतात आणि बाजूने जोडाची बारीक रेघ दिसते. जोडलेली असली म्हणून चाकू वाईट होत नाही, पण मग किंमत घडवलेल्याची लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ओपिनेलचं सोपं आहे कारण त्यात स्प्रिंगच नाही, लाकूड, पातं, एक खिळा आणि रिंगा. फिरणारी रिंग १९५५ ची. ८ नंबर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचं पातं, १०-१५ युरोत मिळतो. दुकानात चार-पाच तरी उघडून बघा, लाकूड असल्याने प्रत्येक थोडा वेगळा निघतो, एकाची रिंग गुळगुळीत फिरते तर दुसऱ्याची अडते. कोकणात वापरणार असाल तर कार्बन स्टील घेऊ नका, कैरी आणि लिंबाने काळं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं, स्टेनलेसच बरं.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून तीन फोटो मागा, मिटलेल्याचा वरून, उघड्याचा पाठीकडून आणि रिवेटचा जवळून. स्टीलचं नाव विचारा, १२सी२७ असं काहीतरी सांगितलं तर ठीक, नुसतं स्टेनलेस म्हणाला तर पुढे विचारा. आणि "डिझाइन फ्रान्सचं" म्हणजे बनवलेला फ्रान्सचा नव्हे.

बाबांना सांगितलंय, दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा आणि मग खाचेत आतून जवसाचं तेल लावा, नुसतं वरून लावून उपयोग नाही, ओल आतल्या उघड्या लाकडातून शिरते. काल मेसेज आला, आता उघडतोय, पण रिंग थोडी जड फिरते. तिथेही एक थेंब सोडा म्हटलं.