सायकलवर १४०, मधल्या रेषेवर ११८

परभणीत मे महिन्यात आम्ही सराव सकाळी सहालाच उरकतो. ऊन चढल्यावर डोकं दुखलं, तर ते उन्हानं, पाणी कमी पडल्यानं की जुन्या माराने, हे ओळखणं अवघड जातं.

पोरगा १९ वर्षांचा, कबड्डीत चढाई करणारा. पकडीत गुडघा कानशिलावर बसून कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालेलं. सीटी स्कॅन नॉर्मल. कन्कशन सीटीत दिसत नाही, हे घरच्यांना समजावण्यातच माझा बराच वेळ गेला.

त्याला टप्प्याटप्प्यानं खेळात परत आणायचं काम माझ्याकडे. सायकलवरचे टप्पे त्याने नीट पार केले होते. नाडीचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके अंदाजे २२० वजा वय, म्हणजे २०१. आधी त्याच्या ५५ टक्के, म्हणजे ११० ठोके, मग ७० टक्के, म्हणजे १४०. टप्प्याला किमान २४ तास. त्रास दहापैकी दोन गुणांपेक्षा जास्त वाढला किंवा तासभर टिकला, तर त्या दिवशी बंद. पुढे एकट्याची चाल, लक्षणं संपल्यावर धक्क्याविना सराव. डॉक्टरांची चिठ्ठी आली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा पकडी घ्यायच्या होत्या.

मधल्या रेषेवरच तो थांबला. “सर, डोकं गरगर करायलंय.”

अजून कुणी हातही लावला नव्हता. नाडी ११८. पकडी लगेच रद्द केल्या. या टप्प्यावर लक्षण उठलं की एकट्याच्या सरावावर परत, मग कारण काहीही असो. नजर अंगठ्यावर ठेवून मान डावी-उजवी फिरवून घेतली, काही नाही. शेडमधल्या सायकलवर १४० पर्यंत नेलं, तरी काही नाही. म्हणजे श्रमानं नव्हे, भीतीनं गरगरत होतं. पण गरगरणं खरंच होतं. “घाबरू नको” म्हणून ते जात नसतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासून होकार दिल्यावर भीतीला दहापैकी गुण द्यायला लावले: खांद्याला हात ३, मनगट ४, कंबर ६, घोट्याची पकड आणि पडणं ९. प्रत्येक पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत तिथंच थांबायचं. मागं पळालं की सुटका वाटते, आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. घोट्याची पकड जाड मॅटवर, जोडीदार गुडघ्यावर, हनुवटी छातीला लावून खांद्यावर लोळण. आईनं दर तासाला “दुखतंय का रे?” विचारायचं बंद केलं, सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद, बस्स.

९ चे ५ झाले तेव्हा प्रशिक्षकांना नाव संघात घालायची घाई होती. मी नाही म्हणालो. कचरणारा चढाईपटू अर्ध्या पावलावर अडकतो आणि वेड्यावाकड्या पकडीत सापडतो.