मावशीची एकादशी आणि अ‍ॅडसेन्सचा एजंट: कामाची नोंद

मागच्या नोंदीत एमसीपी सर्व्हर (एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने टूल चालवणाऱ्या चॅटबॉटला, बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोग्राम) नुसता उभा राहिला होता. आता मावशी स्वतः एजंटला मराठीत प्रश्न विचारते आणि उत्तर बरोबर येतं. मधल्या तीन शनिवार-रविवारांत काय काय झालं ते सविस्तर लिहिते. असंच काही करायला बसलेल्या कुणाचा वेळ वाचला तर मला खरंच आनंद होईल.

नव्यांसाठी थोडक्यात. मावशीची मराठी पाककृतींची साइट आहे, जाहिराती गूगलच्या जाहिरात सेवेच्या, म्हणजे अ‍ॅडसेन्सच्या. तिला दर वेळी वेगळाच रिपोर्ट हवा असतो: कधी फक्त उपवासाच्या पानांचा, कधी परदेशातून किती आले त्याचा. मी पायथनमध्ये एक टूल लिहिलं आहे. एजंट त्यात डायमेन्शन (कशाप्रमाणे विभागायचं: पान, देश), मेट्रिक (काय मोजायचं: व्ह्यू, उत्पन्न), तारखा आणि फिल्टर भरतो आणि टूल अ‍ॅडसेन्स मॅनेजमेंट एपीआयकडून (प्रोग्रामला थेट माहिती देणारी सोय) रिपोर्ट आणून देतं. परवानगी फक्त वाचण्याची घेतली आहे. एजंटच्या हातून खात्यात काही बदलणं शक्यच नको.

लॉगिनचं आधी उरकते. या एपीआयला सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामचं खातं) चालत नाही, खातेदाराने स्वतः ओऑथची संमती (आपलं खातं बघू देण्याची परवानगी) द्यावी लागते. संमतीचं पान 'टेस्टिंग'मध्ये असेल तर रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता आत जाऊ देणारी किल्ली) ७ दिवसांत संपतं. माझं तसंच राहिलं होतं, म्हणून दर आठवड्याला टूल बंद पडायचं. ते 'प्रॉडक्शन'मध्ये नेलं आणि प्रश्न मिटला.

एक अख्खी संध्याकाळ एका प्रिंटने खाल्ली. सर्व्हर एसटीडीआयओवर, म्हणजे प्रोग्रामच्या साध्या इनपुट-आउटपुटवर, चालतो तेव्हा जेसन-आरपीसीचे (ठरावीक साच्यातले) निरोप स्टँडर्ड आउटपुटवरूनच जातात. तपासणीसाठी टाकलेली माझी 'रिपोर्ट आला' ही ओळ त्यांच्यात मिसळत होती आणि क्लायंटला (एजंटच्या बाजूच्या प्रोग्रामला) पुढचं काही वाचता येत नव्हतं. आता सगळे लॉग स्टँडर्ड एररवर, म्हणजे वेगळ्या वाटेने.

मुख्य गोष्ट एकादशीची. २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती. नंतर मावशीने एजंटला विचारलं, "एकादशीला किती जमले?" त्याने ६ जुलैचा आकडा चटकन दिला. मावशी स्क्रीनकडे बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, हे पटत नाही मला. सकाळपासून माझा फोन वाजत होता, भगरीला पाणी किती घालू म्हणून. आणि आदल्या दिवशीचे जास्त कसे?"

तिचं बरोबर होतं. मी रिपोर्टिंग टाइम झोनला 'गूगल टाइम झोन' दिला होता, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ. उन्हाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, त्यामुळे तिथली ६ जुलै आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू झाली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी शोधायला आलेली सगळी माणसं ५ जुलैच्या खात्यात गेली होती. उपवासाच्या साइटसाठी नेमका तोच वेळ महत्त्वाचा! हिवाळ्यात हे अंतर साडेतेरा तासांचं होतं. दिवाळीच्या पहाटेचंही असंच झालं असतं.

खात्याचा टाइम झोन भारताचा आहे, तोच आता टूल वापरतं. पण नुसतं तेवढ्यावर मी थांबले नाही. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत टूल लिहून देतं: तारखा कोणत्या वेळेप्रमाणे, चलन कोणतं, आणि आकडा अंदाजित आहे की नाही. एजंट समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. तो आकडा कशाचा आहे हे सांगण्याची जबाबदारी टूलची, असं माझं ठाम मत झालं आहे.

तीच गोष्ट आरपीएमची, म्हणजे हजार पेज व्ह्यूंमागच्या उत्पन्नाची. (पुढचे आकडे मी बनवलेले आहेत. साइटच्या कामगिरीचे खरे आकडे जाहीर करायला अ‍ॅडसेन्सच्या करारात मनाई आहे.) एका पानाला २०० व्ह्यू आणि आरपीएम ४० रुपये, दुसऱ्याला १,८०० व्ह्यू आणि आरपीएम १० रुपये. एजंटने सरळ सरासरी काढून २५ सांगितले. खरं उत्पन्न ८ अधिक १८, म्हणजे २६ रुपये, तेही २,००० व्ह्यूंवर. आरपीएम १३. म्हणून बेरजा आणि गुणोत्तरं आता टूलच करतं, एजंटकडे गणित ठेवलेलंच नाही. ओळी मर्यादेमुळे कापल्या गेल्या तर एकूण किती होत्या हेही सांगतं. न जुळणारे डायमेन्शन आणि मेट्रिक एकत्र मागितले की एपीआय ४०० एरर (मागणीच चुकीची) देतो. तो मी साध्या वाक्यात परत पाठवते, मग एजंट स्वतःच मागणी दुरुस्त करतो.

पानांचे पत्ते मराठीत असल्याने आणखी एक काम निघालं. एन्कोड झालेल्या (%E0 सारख्या खुणांत बदललेल्या) पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची ९ अक्षरं होतात, म्हणजे एकट्या 'थालीपीठ'ची ६३. पन्नास पानांची यादी मागितली की एजंटची वाचायची निम्मी जागा टक्क्याच्या खुणांनीच भरायची. आता पत्ते डीकोड करूनच देते. एजंटही 'भाजणीचं थालीपीठ' असं नीट नाव घेतो.

सध्या तिथींवर काम चालू आहे आणि यात माझं फार मन रमलं आहे. 'गेल्या वर्षीपेक्षा कसं?' असं विचारलं की एजंट जुलैसमोर जुलै ठेवतो. पण आषाढी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला आहे. म्हणून 'सणाची तारीख' असं दुसरं छोटं टूल केलं. एजंट आधी त्याला तिथी विचारतो, मग एकादशीच्या तीन दिवस आधीपासून द्वादशीपर्यंतचा रिपोर्ट प्रत्येक वर्षासाठी मागतो. तीन दिवस का, तर मावशी म्हणते साबुदाणा-वरईची खरेदी तेव्हाच सुरू होते.

आषाढी, कार्तिकी, महाशिवरात्र आणि नवरात्र भरून झालं आहे. संकष्टीचं बाकी आहे, कारण ती चंद्रोदयावर ठरते. त्या तारखा मी मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हाताने उतरवते आहे, आत्ता ऑगस्टपर्यंत आले.