एका फीडवर दोन कॉम्प्युटर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘घरात दोन कॉम्प्युटर आहेत, शेअर बाजाराचा एकच डेटा फीड दोन्हीवर घेता येईल का?’ हा प्रश्न मला सारखा येतो.

घेता येतो. फीड म्हणजे बाजारातून थेट येत राहणारे भाव. काइट कनेक्टमध्ये, म्हणजे झिरोधा ब्रोकरच्या प्रोग्रॅमसाठीच्या सेवेत, एका एपीआय कीवर (तुमच्या प्रोग्रॅमची ओळख पटवणाऱ्या किल्लीवर) तीन वेबसॉकेट, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या जोडण्या, घेता येतात, प्रत्येकावर ३००० पर्यंत इन्स्ट्रुमेंट (शेअर, ऑप्शन वगैरे). चार्टसाठी विकत घेतलेला फीड मात्र अनेकदा एकाच मशीनपुरता असतो, म्हणून आधी करार वाचा. आपल्याच दुसऱ्या मशीनला तो चालत असेल तर उत्तम. शेजाऱ्याला किंवा टेलिग्राम ग्रुपला भाव वाटायचे असतील तर मी मदत करत नाही. तो डेटा एक्स्चेंजचा आहे, आपला नाही.

माझ्याकडे दुसरं मशीन आलं ते वडिलांमुळे. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि मी दिवसभर त्यांच्या खोलीत बसायला लागलो. हॉलमधला डेस्कटॉप फीड घ्यायचा, पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम तेच भाव वायफायवरून खोलीतल्या लॅपटॉपला पाठवायचा. दोन महिने छान चाललं. मग एका एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास माझ्याकडच्या कॉल ऑप्शनचा भाव ४२.५० दिसत होता. वडिलांना उठवून बसवलं, औषध दिलं, परत पाहिलं तर ४२.५०. निवांत होतो. पाणी आणायला हॉलमध्ये गेलो तर डेस्कटॉपवर ३१. वायफाय केव्हाच तुटलं होतं, आणि लॅपटॉप शेवटचा भाव तसाच दाखवत बसला होता.

त्या दिवशीचं नुकसान भरून निघालं, पण ते ४२.५० मी विसरलेलो नाही. मेलेला फीड आणि शांत बाजार स्क्रीनवर अगदी सारखेच दिसतात. दूरच्या स्ट्राइकमध्ये, म्हणजे ज्याची ठरलेली किंमत चालू भावापासून लांब आहे अशा ऑप्शनमध्ये, पाच पाच मिनिटं सौदा होत नाही, म्हणजे भाव हलला नाही एवढ्यावरून काहीच कळत नाही. म्हणूनच ब्रोकरचा सर्व्हर भाव नसतानाही मधूनमधून एक बाइट पाठवत राहतो, ‘मी आहे’ एवढंच सांगायला. माझा प्रोग्रॅम भाव तेवढे पुढे द्यायचा, तो बाइट गाळून टाकायचा. चूक तिथे होती.

आता डेस्कटॉप दर सेकंदाला एक क्रमांक आणि ब्रोकरकडून शेवटचं काही आलं ती वेळ पाठवतो, बाजार हलो वा न हलो. लॅपटॉपवर प्रत्येक भावाशेजारी त्याची वेळ असते. दोन सेकंद क्रमांक आला नाही किंवा ती वेळ मागे पडली की सगळी खिडकी लाल होते. लॅपटॉप मंद असेल तर आणखी एक भानगड होते: भाव रांगेत साचतात आणि क्रमाने, पण उशिरा दिसतात. त्यामुळे ऑर्डरच्या खिडकीला मी फक्त ताजा भाव देतो, जुने टाकून देतो. चार्टवरच्या कँडलला मात्र सगळे भाव लागतात, म्हणून त्या डेस्कटॉपवरच बनतात.

ही वाटणीची अडचण मोठ्यांनाही चुकलेली नाही. एनएसईच्या कोलोकेशनमध्ये, म्हणजे ब्रोकरचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवायच्या सोयीत, २०१४ पर्यंत टिक-बाय-टिक (प्रत्येक बदलाचा) डेटा टीसीपीवरून, म्हणजे प्रत्येकाशी वेगळी जोडणी करून, एकामागून एक सर्व्हरला जायचा. रांगेत पुढे असेल त्याला भाव आधी. पुढे मल्टिकास्ट आलं, एकदाच पाठवायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं. घरात तेवढी घाई नसते. दोन मशीनसाठी साधं टीसीपी पुरतं, फक्त वायफाय नको. मी दाराखालून लॅनची केबल ओढली आहे, वडील वॉकर घेऊन त्यावरून जातात म्हणून वर पट्टी चिकटवली आहे.

तुम्ही जोडणी केलीत की सव्वानऊनंतर, हातात पोझिशन (चालू सौदा) नसताना, दुसऱ्या मशीनची केबल उपसून पाहा. मग ती लावून मुख्य मशीनचं इंटरनेट बंद करा. दोन्ही वेळा खिडकी लाल व्हायला हवी. एकदा जरी झाली नाही, तर त्या स्क्रीनवरून ऑर्डर टाकू नका.