ब्विंडीत गोरिलांच्या मागावर: काय सांभाळायचं

युगांडात गोरिला बघून आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आणि अंगावर आला असता तर?" खरं सांगायचं तर गोरिलांनी आम्हाला काहीच त्रास दिला नाही. जो झाला तो उतारामुळे, चिखलामुळे आणि मुंग्यांमुळे. तुम्ही जाणार असाल तर तयारीही त्यांचीच करा.

ब्विंडी हे युगांडाच्या नैऋत्य कोपऱ्यातलं राष्ट्रीय उद्यान, काँगोच्या सीमेला लागून. २०१८च्या गणनेत इथे ४५९ पर्वतीय गोरिला मोजले गेले. विरुंगा डोंगररांगेतले धरले तरी जगात सगळे मिळून हजाराच्या थोडे वर. १ जुलै २०२४ पासून परदेशी पर्यटकाला परमिट ८०० डॉलर, शेजारच्या रवांडात १,५००. वय किमान १५ हवं. गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ माणसं सोडतात, त्यामुळे परमिट आधी आणि विमानाची तिकिटं नंतर.

एक गोष्ट टूरवाल्याकडून लेखी घ्या: परमिट कुठल्या भागाचं आहे? ब्विंडीत बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि नकुरिंगो असे चार भाग आहेत. नकाशावर ते जवळजवळ दिसतात, पण घाटातल्या कच्च्या रस्त्याने एकातून दुसऱ्यात जायला काही तास जातात. परमिट रुशागाचं आणि मुक्काम बुहोमाला अशी जोडणी झाली, तर पहाटे अंधारात त्या रस्त्यावर गाडी हाकावी लागते. माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात मोठा धोका तोच. आम्ही रुशागाजवळच राहिलो आणि सकाळी निवांत चहा पिऊन निघालो.

आठच्या सुमारास रेंजर सगळ्यांना बसवून नियम सांगतात आणि मग गट पाडतात. तुमच्या वाट्याला कुठलं कुटुंब येणार ते तिथेच ठरतं. ताई साठीच्या पुढची, गुडघे कुरकुरणारे. गट पाडण्याआधीच आम्ही रेंजरला तसं सांगितलं, म्हणून जवळचं कुटुंब मिळालं. इथे लाजायचं कारण नाही. उलट "आम्ही सह्याद्रीत खूप ट्रेक केलेत" असं सांगणाऱ्याला दूरच्या कुटुंबाकडे धाडण्याची शक्यता जास्त. गोरिला कधी तासाभरात भेटतात, कधी दुपार होते. ट्रॅकर पहाटेच पुढे जाऊन आदल्या रात्रीची गोरिलांची घरटी शोधतात आणि तिथून माग काढत वायरलेसवर कळवत राहतात. पण कुटुंब तोवर चालतच असतं, त्याला काही तुमची वेळ माहीत नसते.

आमच्या गटातल्या एका परदेशी बाईंना खोकला होता. रेंजरने त्यांना बाजूला घेऊन दोन-चार प्रश्न विचारले आणि नम्रपणे थांबवलं. त्या चिडल्या, आम्हालाही क्षणभर वाईट वाटलं. पण आपली साधी सर्दी गोरिलांच्या अख्ख्या कुटुंबाला न्युमोनियापर्यंत नेऊ शकते. १९९६ साली याच जंगलात गोरिलांना खरजेची लागण झाली आणि एक पिल्लू दगावलं. संशय माणसांकडून आलेल्या कपड्यांवर होता. त्यामुळे निघायच्या आधीचे दोन आठवडे लग्नकार्य, गर्दी जरा टाळा. विमानात मास्क लावा. गोरिलांजवळ तर मास्क सक्तीचाच आहे. घाम आणि पाऊस यांनी भिजतो, म्हणून जादाचे ठेवा.

पोर्टर घ्या. तरुण असलात तरी घ्या. साधारण २० डॉलर जातात आणि ते थेट गावात राहतात. आमच्या पोर्टरने सॅक तर घेतलीच, पण उतरणीला तो ताईच्या एक पायरी खाली उभा राहून तिचा पाय कुठे पडावा ते हाताने दाखवत होता. आपल्याकडच्या गडांवर निदान पायवाट तरी असते. इथे पुढचा माणूस कोयत्याने वेली तोडतो आणि त्या तुटलेल्या वेलींच्या गादीवर आपण चालतो. खाली जमीन आहे की पोकळी, ते पाऊल आत गेल्यावरच कळतं. तोल गेला की हात आपोआप जवळच्या झाडाला जातो आणि नेमकी ती खाजकुयलीसारखी आग लावणारी वनस्पती निघते. म्हणून बागकामाचे जाड हातमोजे न्याच. पँट मोज्यांच्या आत खोचा, नाहीतर मुंग्यांची रांग ओलांडताना त्या मांडीपर्यंत पोचतात आणि मग सभ्यपणा बाजूला ठेवावा लागतो. ज्यांना चालणं झेपतच नाही त्यांच्यासाठी माणसांनी उचलायची डोली मिळते, तिला तिथे थट्टेने हेलिकॉप्टर म्हणतात. ती आधी सांगून ठेवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. गटाबरोबर बंदूकधारी रेंजर असतात ते मुख्यतः रानहत्तींसाठी. गरज पडली तर हवेत बार काढतात.

गोरिला जवळ आले की काठ्या, सॅक, खाऊ सगळं मागे ठेवायचं. फक्त कॅमेरा न्यायचा, फ्लॅश बंद करून. अंतर १० मीटर, कोविडआधी ७ होतं. हा नियम पिल्लांना मान्य नसतो. एक पिल्लू वेलीला लोंबकळत थेट ताईच्या दिशेने आलं. रेंजरने हलक्या आवाजात "मागे, मागे" म्हणत सगळ्यांना सरकवलं आणि स्वतः घशातून खाकरल्यासारखा खोल, लांब आवाज काढला. झुडपाआड बसलेल्या सिल्व्हरबॅकने, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेल्या कुटुंबातल्या मोठ्या नराने, तसाच आवाज काढून उत्तर दिलं आणि पुन्हा पानं ओरबाडायला लागला. हात लावायचा मोह आवरा, पिल्लू तुमच्याकडे आलं तरी.

सिल्व्हरबॅक धावून आलाच तर बहुतेक वेळा ती नुसती हूल असते. पळायचं नाही, ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. खाली बसा, नजर जमिनीवर ठेवा आणि रेंजर सांगेल तसं करा. खोकला आलाच तर तोंड फिरवून कोपरात. गोरिलांजवळ थांबायचा ठरलेला एक तास संपला की संपला, "अजून एक फोटो" चालत नाही.

सुरक्षेचं विचाराल, तर १९९९ साली बुहोमात बंडखोरांनी आठ पर्यटकांना मारलं होतं, त्यानंतर बंदोबस्त खूप वाढला. ऑक्टोबर २०२३मध्ये क्वीन एलिझाबेथ उद्यानात एका परदेशी जोडप्याची आणि त्यांच्या गाइडची हत्या झाली. ब्विंडीला जाणारे बरेच जण वाटेत ते उद्यानही करतात. तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी परिस्थिती आणि इबोलाच्या बातम्या दोन्ही बघा, अंधार पडल्यावर प्रवास करू नका. विम्यात रुग्णाला जंगलातून हलवण्याचा खर्च धरलाय का, ते तपासा. बुहोमाला चांगलं सामुदायिक रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारांसाठी कंपालाच गाठावं लागतं.

किगालीमार्गे जाणाऱ्यांनी लाडू-चिवडा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नये, रवांडात त्यांवर बंदी आहे. डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या न्या. जुन्या किंवा फाटक्या कुणी घेत नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या असतात. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा केंद्राची वेळ लवकर घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड युगांडाच्या एंटेबे विमानतळावर बघतात आणि परत येताना मुंबईतही विचारतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कार्ड चेक-इनच्या बॅगेत नको, पासपोर्टबरोबर ठेवा.