तुम्ही विचारलंत म्हणून: इतके ढोल एकच होऊन वाजतात कसे?

अनंत चतुर्दशी झाली की पुढचे आठ-दहा दिवस हा प्रश्न ठरलेला. ऑफिसात, सोसायटीत, भाजी घेताना. "लक्ष्मी रोडला तुमचं पथक पाहिलं हो. ऐंशी ढोल, पण वाजत होता जणू एकच. चुकत कसं नाही कुणी?" रस्त्यात उभ्या-उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट सांगते. मी पुण्यात अकरा वर्षं ढोल वाजवते आणि गेली चार वर्षं नव्या मुलामुलींना शिकवते.

आम्ही एकमेकांचा ढोल ऐकून वाजवतो, असं सगळ्यांना वाटतं. तसं केलं तर पथक दोन मिनिटांत विस्कटेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांग ३५ मीटर लांब असली, तर पहिल्या ढोलाचा ठोका शेवटच्या वादकाच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पडतो. किरकोळ वाटेल, पण ताल चढला की तेवढ्या वेळात ताशावर एक काडी पडून गेलेली असते. शेवटची रांग कानाच्या भरवशावर राहिली तर मागेच पडणार, आणि तिच्या मागे पडलेल्या ठोक्याने मधल्या रांगा गोंधळणार. लक्ष्मी रोडवर तर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज उलटा येतो. नदीकाठच्या सरावात हा त्रास नसतो, त्यामुळे नवी मुलं पहिल्यांदा रस्त्यावर उतरली की बावरतात.

म्हणून आम्ही डोळ्यांनी वाजवतो. टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरलेला हात कुठवर जायचा हे आमच्याकडे ठरलेलं आहे: कानाच्या रेषेत, त्याहून खाली नाही आणि डोक्यावरही नाही. लोकांना ते दिमाखासाठी वाटतं. खरं म्हणजे तो हात मागच्याला दिसावा म्हणून वर जातो. पुढच्याचा हात खाली यायला लागला की त्याच्याबरोबर आपला. ताशे मधे आणि ढोलांच्या रांगा दोन्ही अंगांना, ही मांडणीही त्यासाठीच. ताल बदलायचा असला की ताशाप्रमुख हात उंच करून बोटांनी खूण करतो. त्या खुणेकडे ज्याचं लक्ष नाही, तो कितीही जोरात वाजवत असला तरी मी त्याला रांगेत घेत नाही.

ही शिस्त आली कुठून, असंही कुणी कुणी विचारतं. ढोल-लेझीम मूळचं गावाकडचं. मुळशी-मावळातले गडी गणपतीत पुण्यात येऊन वाजवायचे. पुढे शाळांनी ते उचललं. १९६२ साली आप्पा पेंडशांनी सुरू केलेली ज्ञान प्रबोधिनी, शिवाय रमणबाग, गरवारे. गावचा ठेका आणि शाळेच्या मैदानावरची रांग एकत्र आली, त्यातून आजचं पथक उभं राहिलं, असं मी मानते.

वाद्यपूजन झालं की सराव सुरू होतो तो भर पावसात. नव्या मुलांना मी सुरुवातीला ढोल देतच नाही. मांडी घालून बसायचं, उजव्या हाताने टिपरूचा ठोका आणि डाव्या हाताने थाप, दोन्ही आपल्याच मांड्यांवर, तोंडाने बोल म्हणत. हात आणि तोंड जुळलं की मगच ढोल कमरेला. तो बांधणं हीसुद्धा विद्या आहे. सैल बांधला तर चालताना गुडघ्यावर आपटतो, करकचून बांधला तर श्वास कोंडतो. चामड्याचं पान दमट हवेत उतरतं, मग दोऱ्या ताणत बसायचं. दुसऱ्या आठवड्यात डाव्या हाताची बोटं सोलवटतात. ज्याच्या त्याच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि एकीची सुटली की शेजारची दातांनी तोडून नवी लावून देते. मला हे दृश्य फार प्रिय आहे.

आवाजाबद्दल तक्रार असते, आणि ती खरी आहे. आम्ही स्वतः कानात बोळे घालतो. रस्त्यालगतच्या घरात आजारी माणूस असेल तर त्याने काय करायचं? २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच जण असावेत असं सांगितलं होतं, आणि विसर्जनाच्या काही दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा मीही आनंदले. पण संख्येचा अभिमान मला कधीच वाटला नाही. एकदा पावसाने निम्मं पथक पोचलं नव्हतं, तेव्हा बत्तीस ढोलांवर जे वाजलं, तसं शंभरांवर क्वचित वाजतं. दवाखान्यासमोर तर वाजवूच नये, हे सांगायला कायदा कशाला लागावा?

तर, चुकत कसं नाही? चुकतं. आणि ते वाजवताना फारसं कळत नाही, थांबताना कळतं. ताशाची खूण झाली की सगळे हात एकाच क्षणी थिजायला हवेत. गेल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात एका मुलीचा हात राहिला. सगळं शांत, आणि नदीकाठी तिचा एकटीचा एक ठोका. कुणी हसलं नाही, आमच्याकडे त्यावर हसायचं नाही असा नियम आहे. ती रडवेली झाली. मी तिला शेवटच्या रांगेत टाकलं, कारण तिथे पाहिल्यावाचून गत्यंतरच नसतं. महिनाभर ती फक्त पुढच्या मुलाच्या मनगटाकडे बघत राहिली.

विसर्जनाला अलका चौकाच्या थोडं अलीकडे आमचा शेवटचा ताल होता. मी बाजूला उभी राहून तिलाच पाहत होते. खूण झाली. सगळे हात थांबले, तिचाही. आणि गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या पोराची पिपाणी स्पष्ट ऐकू आली.